अंदाजित पातळी

डोंगरवार भाऊजींचं हृदय अखेरपर्यंत नियमित चाललं, आणि याला लेखी पुरावा आहे. असा पुरावा फार थोड्या हृदयांना लाभतो. बाकीच्यांच्या हृदयाबद्दल लोक मागाहून आठवणी सांगतात, भाषणं करतात. भाऊजींनी मात्र स्वतःच्या हृदयाचं रजिस्टर ठेवलं होतं. रकाने आखलेलं, निळ्या शाईतलं, प्रत्येक नोंदीपुढे सही. ते आता माझ्याकडे आहे. बाईने दिलं. "तूच घेऊन जाय," ती म्हणाली, "रद्दीत देलं तर कोनी वाचंल."

बाई म्हणजे माझी मोठी बहीण सुमन, भाऊजींची बायको. ती अर्जुनी मोरगावला राहते, मी गोंदियाला. मी मुलींच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे आकड्यांबद्दल माझा स्वभाव थोडा वाईट आहे. भाऊजींचं आणि माझं न जमण्याचं ते एक कारण. बाकीची पुढे येतील.

भाऊजी सिंचन खात्यात कालवा निरीक्षक होते. कोणत्या तलावावर ते सांगत नाही. तलावाचा दोष नव्हता. त्यांचं मुख्य काम असं, की पाणी सुटण्याच्या दिवसांत रोज सकाळी आठ वाजता पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जायचं, विमोचकाजवळच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळच्या, दगडी पट्टीवर पाण्याची पातळी पाहायची आणि ती रजिस्टरात लिहायची. भाऊजी सकाळी आठ वाजता नाश्ता करीत. रजिस्टर घरीच असे. पोहे खाता खाता ते डाव्या हाताने पान उलटत आणि उजव्या हाताने लिहीत, 'कालच्याप्रमाणे'. चार-पाच दिवसांनी स्वतःहून दोन बोटं पातळी कमी करीत, म्हणजे वरच्या साहेबाला शंका येऊ नये. या कामाला खात्यात 'अंदाजित' असा शब्द आहे, असं ते सांगत. पाऊस फार असला, पाळीवर जाता आलं नाही, तर अंदाजित पातळी लिहायची मुभा असते. भाऊजींच्या नोकरीत फार पाऊस पडला.

एका वर्षी धान निसवायच्या वेळेला कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या गावातली एक बाई त्यांच्या दारात आली. कौतिका तिचं नाव. हातात मुळासकट उपटलेली धानाची पेंढी होती, वाळून पिवळी पडलेली. मी दिवाळीच्या सुटीत तिथेच होते. तिने पेंढी सरळ टेबलावर, उघड्या रजिस्टरावर ठेवली.

"साहेब, हा पाहा तुमचा तलाव."

भाऊजींनी पेंढी उचलून बाजूला केली, मातीचे कण फुंकून उडवले, चष्मा लावला आणि पान नीट वाचलं. मग अतिशय शांतपणे म्हणाले, "रजिस्टरप्रमाणे तुमच्या धानाच्या बांधीत चार दिवसांपासून पाणी आहे."

कौतिकाने पेंढी परत उचलली. "मंग चुकलंच माझं," ती म्हणाली. "रजिस्टरातच धान लावाले पायजे होतं."

त्या दिवशी बाईने कौतिकाला चहा दिला आणि भाऊजींना दिला नाही. विचारलं तर म्हणाली, इसरली. बाईच्या संसारातलं ते पहिलं आणि बरीच वर्षं शेवटचं बंड होतं.

भाऊजींचा चेहरा मोठा होता आणि तो ते प्रसंगाप्रमाणे आणखी मोठा करू शकत. फोटो काढताना हनुवटी वर, दोन्ही हात मागे, जणू मागे तलाव आहे. "आमच्या पूर्वजांनी तलाव बांधले," हे वाक्य ते कोणत्याही विषयात आणीत. लग्न जमवताना, बसमध्ये जागा मागताना, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे. पूर्वजांनी बांधले हे खरंच होतं. पूर्वज रोज सकाळी पाळीवर जात असावेत.

आता हृदयाकडे येते. घरात आजारी हृदय एकच होतं, आणि ते बाईचं. लहानपणी तिचे सांधे सुजत, ताप येई. त्या तापाने हृदयाची एक झडप खराब केली. हे चाळिशी उलटल्यावर कळलं. नागपूरला ऑपरेशन झालं, धातूची झडप बसवली. तेव्हापासून दुपारी घर शांत असलं की बाईच्या छातीतून बारीक टिकटिक ऐकू येते. मला त्या आवाजाने बरं वाटतं. भाऊजींना त्याने झोप येईना, म्हणून ते पुढच्या खोलीत झोपू लागले.

अशा झडपेवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागते. कमी पडली तर गाठ होते, जास्त झाली तर रक्त वाहतं. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं. बाईचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहिला पाहिजे, असं डॉक्टरांनी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं होतं. त्या तपासणीसाठी बाई महिन्यातून एकदा पॅसेंजरने गोंदियाला माझ्याकडे येई. सकाळी रक्त द्यायचं, मग बाजार, मग माझ्या स्वयंपाकघरात बसून दोघींनी गप्पा मारीत जेवायचं, चारला आकडा घ्यायचा, संध्याकाळच्या गाडीने परत. बाई म्हणे, "महिन्यातला एक दिवस माह्या हातातून रक्त काहाडतेत, अन् बाकीचे एकोनतीस दिवस घर."

को-एन्झाइम भाऊजींच्या आयुष्यात आलं ते निवृत्तीनंतर, एका लग्नाच्या पंगतीत. शेजारी कोणी निवृत्त इंजिनिअर बसले होते. त्यांनी जेवणाआधी खिशातून को-एन्झाइमची एक नारिंगी कॅप्सूल काढली आणि म्हणाले, "हार्ट के लिए. सेल लेवल पे काम करता है." सेल लेवल हे शब्द भाऊजींच्या आत कुठेतरी जाऊन बसले. लेवल हा त्यांच्या नोकरीचा विषय होता.

त्यांनी नागपूरला जाऊन स्वतःची संपूर्ण तपासणी करून घेतली. काहीही निघालं नाही, याचा त्यांना थोडा अपमान वाटला. कॅप्सूलबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला घ्यायचीच असेल तर घ्या. तुमचं काही बिघडणार नाही." हे वाक्य मी स्वतः ऐकलं, कारण मी बाईला घेऊन शेजारच्या खुर्चीवर होते. परतीच्या गाडीत त्याचं 'डॉक्टरांनी सुचवलं' झालं. दिवाळीपर्यंत 'डॉक्टरांचा आग्रह'.

मी आपलं वाचून पाहिलं. हे द्रव्य शरीर स्वतःच बनवतं, पेशींना ऊर्जेच्या कामात ते लागतं, हे खरं आहे. काही हृदयरोग्यांना डॉक्टर ते देतातही. धडधाकट माणसाला ते बाटलीतून घेऊन काय मिळतं, याबद्दल जाणकार इतकं जपून बोलतात की ते बोलणं मला एकदम आवडलं. भाऊजींना मी ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "शालूबाई, तुमचं गणित. हे जीवशास्त्र आहे."

कॅप्सूल चरबीत विरघळते, म्हणून ती तुपासोबत घ्यावी, असं बाटलीसोबतच्या कागदावर होतं. भाऊजींनी कागदातला एवढा भाग पाठ केला. बाई घरच्या सायीचं तूप कढवी. ते पूर्वी आल्यागेल्याच्या वरणावर पडे. आता रोज सकाळी आठ वाजता एक मोठा चमचा तूप भाऊजींच्या वाटीत, त्यात कॅप्सूल. पुढे दोन चमचे. "शोषणासाठी," ते म्हणत. बाईने तूप वाढायचं आणि उभं राहायचं. कॅप्सूल ते आधी उजेडात धरून पाहत, जसा सोनार नग पाहतो, मग डोळे मिटून गिळत. त्यानंतर रजिस्टर. होय, त्यांनी नवं रजिस्टर केलं होतं. रकाने असे: दिनांक, नाडी, स्फूर्ती, शेरा, सही.

लवकरच त्यांना वाटू लागलं की ही विद्या आपल्यापाशी कोंडून ठेवणं बरं नाही. जवळच्या एका गावात मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, त्यांना प्रमुख अतिथी म्हणून बोलावलं. भर दुपारी दंडारीचा खेळ सुरू व्हायचा होता, मैदान भरलेलं, बाया पोरांना घेऊन बसलेल्या. भाऊजींनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "शरीर म्हणजे तलाव. हृदय म्हणजे मुख्य विमोचक. आणि आपल्या पेशी म्हणजे बांध्या. या बांध्यांना ऊर्जा कोण पोहोचवतो? को-एन्झाइम! मराठीत सहविकर."

पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने हात वर केला. "मंजी तलाठ्यासंग कोतवाल असते तसा का, साहेब?"

"जवळपास," भाऊजी म्हणाले.

"मंग काम तोच करत असंल."

लोक हसले. भाऊजी थांबले नाहीत. पाऊण तास झाला. शेवटी पडद्यामागून कोणीतरी ओरडलं, "साहेब, राजा मेकप करून बसून राहिला जी! घामानं मिशी निंगून राहिली त्याची!" भाऊजींनी राजालाही कॅप्सूल घ्यायचा सल्ला दिला. आणि उतरताना म्हणाले ते वाक्य त्यांनी पुढे छापील कार्डावर घातलं: 'पाणी टेलपर्यंत, ऊर्जा पेशीपर्यंत.' मैदानात टेलची, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाची, गावं बसली होती. टेलपर्यंतच्या पाण्याबद्दल भाऊजींच्या तोंडून ऐकताना त्यांचे चेहरे कसे झाले, हे मला बाईने सांगितलं. ती म्हणाली, "मी पदर तोंडावर घेतला. हासाले नाही, लाजेनं."

सुरुवातीच्या बाटल्या मीच गोंदियाच्या दुकानातून घेऊन बाईबरोबर पाठवत असे, हे कबूल केलं पाहिजे. मला वाटे, भाऊजी गिळतात तर गिळोत. बाटल्या दोन-दोन मागवल्या जाऊ लागल्या तेव्हा मी विचारायला हवं होतं की दुसरी कोणासाठी. विचारलं नाही.

मग एका महिन्यात बाई आली नाही. पुढच्याही नाही. फोन केला की भाऊजी उचलत.

"बाईची तपासणी?"

"चालू आहे. सगळं स्थिर. दोन पॉइंट आठ."

"कुठे केली?"

"इथेच. आता गोंदियापर्यंत धावाधाव करायची गरज नाही. आणि कॅप्सूल कुरिअरने येतात."

बाईला फोन द्या म्हटलं की ती म्हणे, "बरी हाव मी. तू कशी आहेस?" आणि मागे भाऊजींचा घसा खाकरल्याचा आवाज येई. चौथ्या महिन्यातही दोन पॉइंट आठ आला तेव्हा मी गाडीत बसले. गणिताच्या शिक्षकाला एवढं कळतं, की जिवंत गोष्टीचा आकडा चार वेळा तोच येत नाही.

मी पोहोचले त्या दिवशी बाई नेहमीसारखीच वाटली, थोडी थकलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता भाऊजी खुर्चीत बसले, वाटी पुढे केली. बाईने तुपाचा चमचा भरला. चमचा वाटीपर्यंत पोहोचला नाही. तो तिच्या हातातून सुटून फरशीवर पडला, आणि बाई आपल्या उजव्या हाताकडे असं पाहू लागली, जणू तो दुसऱ्याचा आहे. तिने काही म्हणायचा प्रयत्न केला. तोंडाची एक बाजू हलली, दुसरी नाही. शब्द आला तो शब्द नव्हता.

"तूप सांडलं," भाऊजी म्हणाले.

मी बाईला धरून खाली बसवलं. भाऊजी उभे राहिले, विचार केला, आणि म्हणाले, "ऊर्जा कमी पडून राहिली तिची. दोन कॅप्सूल दे."

मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. शाळेत छत्तीस वर्षं न वापरलेले शब्द होते. शेजारच्या किराणा दुकानदाराने आपली गाडी काढली. वाटभर मी बाईच्या छातीजवळ कान ठेवून टिकटिक ऐकत होते. भाऊजी पुढच्या सीटवर मांडीवर डायरी घेऊन बसले होते.

गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डायरी पाहिली, रक्ताचा रिपोर्ट पाहिला, परत डायरी पाहिली. रिपोर्टात एक पॉइंट तीन होता.

"गेल्या आठवड्यात दोन पॉइंट आठ? हे कोणत्या लॅबचं आहे?"

भाऊजी खुर्चीत सरळ झाले. "ते अंदाजित आहे."

"काय?"

"अंदाजित. पातळी बरेच दिवस स्थिर असली की तसं लिहितात. नियमात आहे." आणि डॉक्टरीणबाईंना समजलं नसावं असं वाटून पुढे म्हणाले, "मी सिंचन खात्यात होतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "रक्त कधीपासून तपासलं नाही?"

मी बाईकडे पाहिलं. तिने डाव्या हाताची चार बोटं दाखवली. तिच्या हातातून चार महिने कोणी रक्त काढलंच नव्हतं. कॅप्सूल रक्त स्थिर ठेवते, आता तपासायची गरज नाही, असं तिला सांगितलं होतं. दुसऱ्या बाटलीतल्या कॅप्सूल तिच्या पोटात जात होत्या, तुपाशिवाय. "तिला तूप कशाला?" असं ठरलेलं.

"ही कॅप्सूल काही जणांत त्या गोळीचा जोर कमी करते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काहींत नाही करत. म्हणूनच तर तपासायचं असतं ना, काका. कोणी सांगितली यांना?"

"डॉक्टरांनी," भाऊजी म्हणाले.

"तुम्हाला सांगितली होती," मी म्हणाले.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बराच वेळ बसलो. मग भाऊजींनी चष्मा काढला, आणि ज्या बोलीत ते माणसांसमोर कधी बोलत नसत त्या बोलीत, हळूच म्हणाले, "शालू, मरंल का व ते?"

मी डॉक्टरीणबाईंना विचारायला उठले. अंदाजित उत्तर देता आलं असतं.

तपासणी का बंद केली, हे पुढे बाईनेच सांगितलं. तिची जीभ चार दिवसांत ताळ्यावर आली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र अजून बधिर आहेत. कारण काही गूढ नव्हतं. ज्या दिवशी ती गोंदियाला येई, त्या दिवशी आठच्या आधीच घर सोडावं लागे. आणि आठ वाजता तूप वाढायला कोणी नसे.

घरी परतल्यावर बाईने भाऊजींच्या समोरून डायरी उचलली आणि आपल्या पिशवीत टाकली. "हे माह्याजवळ राहीन."

"नोंदी व्यवस्थित ठेवल्या पाहिजेत," भाऊजी म्हणाले.

"रक्त माहं हाये. मीच लिहीन."

डाव्या हाताने लिहायला शिकली ती. आकडे वाकडे येतात, दोन पॉइंट चार, तीन पॉइंट एक, दोन पॉइंट सात. इतके सुंदर आकडे मी वह्या तपासताना पाहिले नाहीत.

निष्पक्षपणे सांगायचं तर त्यानंतर भाऊजी तिला दर महिन्याला स्टेशनवर पोहोचवायला येऊ लागले. पिशवी धरीत. भाऊजी गेल्यावर बाईला मी एकदा विचारलं, तुला राग नाही येत का गं? ती म्हणाली, "वाईट नोहोता व तो माणूस. उठून पाहाचा कंटाळा होता त्याले, बस." मला यात फरक दिसत नाही. पण तिने त्यांच्यासोबत बेचाळीस वर्षं काढली आणि मी फक्त सुट्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अर्जुनीच्या स्टेशनवरच. एक दिवस बाईकडे राहून मी तिला बरोबर घेऊन निघाले होते. गाडी यायला वेळ होता. आठ वाजले. भाऊजी बाकावर बसले होते, कडक इस्त्रीचा सदरा, हनुवटी वर.

"आज किती येईल?" त्यांनी बाईला विचारलं.

"रक्त काहाडल्यावर समजंल."

गाडी आली. आम्ही खिडकीत बसलो. सुटता सुटता मी पाहिलं, भाऊजींनी प्लास्टिकच्या पिशवीतून आपलं रजिस्टर काढलं, पेनाचं टोपण दातांनी उघडलं आणि मांडीवर लिहिलं. मनगटाला बोट लावलं नव्हतं. घड्याळाकडेही पाहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर समाधानाने पान मिटलं आणि गाडीला हात केला.

दोन महिन्यांनी, एकोणीस तारखेला, बाई माझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडत असताना अर्जुनीच्या त्या किराणा दुकानदाराचा फोन आला. भाऊजी सकाळी खुर्चीतच गेले होते. वाटी रिकामी होती; तूप त्यांनी स्वतः वाढून घेतलं होतं. डॉक्टरांनी दाखल्यावर हृदयविकार लिहिलं. बाईने डाव्या हाताने डोळे पुसले. मग चारला आपला आकडा घ्यायला ती माझ्याबरोबर लॅबमध्ये आली, तिथून आम्ही स्टेशनवर गेलो.

चोवीस तारखेला गावाने शोकसभा ठेवली. खात्यातले लोक आले. 'विशाल हृदयाचा माणूस' असं तिघे बोलले. छापील कार्डावरचं वाक्य एकाने म्हटलं. कौतिका मागे बसली होती, म्हातारी झालेली. तिने चहा मात्र घेतला.

रजिस्टर मी घरी येऊन वाचलं. शेवटचं पान त्याच महिन्याचं आहे. तो महिना एकतीस दिवसांचा होता आणि नोंदी एकतीस तारखेपर्यंत आहेत, प्रत्येकीपुढे सही. शोकसभेच्या दिवशी त्यांची नाडी बहात्तर होती, स्फूर्ती उत्तम, शेरा: कालच्याप्रमाणे.